टेबलावरचे वचन आणि समोर बसलेली व्यक्ती

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची निघाली. पत्रलेखकांची क्षेत्रे वेगळी आहेत, पण कामाच्या ठिकाणी एकाची धर्मश्रद्धा आणि दुसऱ्याचा समलिंगी असण्याचा सन्मान समोरासमोर आले तर काय करावे, हा पेच तिघांनाही पडला आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्या पत्रलेखकांना स्वतः निर्णय घ्यायचा आहे आणि तो दोन माणसांच्या रोजच्या जगण्यावर परिणाम करणार आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी चौदा जणांच्या विभागाचा प्रमुख आहे. आमच्या कंपनीने अलीकडे सर्व मजल्यांवर फलक लावले. लैंगिक कल कोणताही असो, प्रत्येक सहकाऱ्याला समान वागणूक मिळेल, असे त्यांवर लिहिले आहे. आठवडाभरात माझ्या विभागातील एका धर्मनिष्ठ सहकाऱ्यांनी समलिंगी संबंधांना पाप ठरवणारे धर्मग्रंथातील वचन ठळक अक्षरांत छापून आपल्या पार्टिशनवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असे लावले. त्यांच्या समोर बसणाऱ्या सहकारी बाईंची जोडीदार स्त्री आहे आणि हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी लेखी तक्रार केलेली नाही, पण मला भेटून त्या म्हणाल्या, ‘रोज सकाळी ते वाचूनच मला कामाला सुरुवात करावी लागते.’ त्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, कंपनीला आपले मत भिंतीवर लावता येते, तर मला माझे का लावता येऊ नये? समलिंगी व्यक्तींना पाठिंबा दर्शवणारा, कंपनीने वाटलेला इंद्रधनुषी बिल्ला लावण्यासही त्यांनी नकार दिला आहे. समाजमाध्यमावरील त्यांची एक जुनी पोस्टही कोणीतरी वरिष्ठांना दाखवली आणि आता वरिष्ठ सगळ्याच बाबींवर मिळून कारवाई करा म्हणत आहेत. दोघांचेही काम उत्तम आहे आणि मला दोघांविषयी आदर आहे. मी काय करावे?

उत्तर : वरिष्ठांनी ज्या तीन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, त्या आपण आधी सुट्या करा. पार्टिशनवरचे वचन, बिल्ला आणि पोस्ट यांची उत्तरे माझ्या मते एक नाहीत. वचन काढायला सांगावे, बिल्ल्याची सक्ती करू नये आणि पोस्टच्या वाटेला बहुधा जाऊच नये.

वचनाविषयी आपल्या प्रसंगाशी आश्चर्य वाटावे इतके जुळणारे एक प्रकरण अमेरिकेत घडले आहे. आयडाहो राज्यातील बॉइसी येथे ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने विविधतेविषयीचे फलक लावले, तेव्हा एका कर्मचाऱ्याने समलैंगिकतेचा निषेध करणारी बायबलमधील वचने आपल्या जागेवर, जवळून जाणाऱ्याला वाचता येतील अशा अक्षरांत लावली. ती दुखावणारी आहेत आणि समलिंगी सहकाऱ्यांनी ती वाचून पश्चात्ताप करावा हाच आपला उद्देश आहे, हे त्याने चौकशीत स्वतःच सांगितले. कंपनी आपले फलक काढत असेल तरच मी वचने काढीन, ही त्याची अट होती. त्याला कामावरून काढण्यात आले आणि २००४ मध्ये नवव्या सर्किटच्या (अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांच्या विभागाच्या) अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. सहकाऱ्यांचा मान दुखावण्यासाठीच लावलेला मजकूर सहन करणे कंपनीवर बंधनकारक नाही, असा त्याचा मथितार्थ होता. त्याच्या श्रद्धेविषयी न्यायालयाने शंका घेतली नव्हती, हे मात्र आपण लक्षात ठेवावे. आपल्यालाही ती घेण्याचे कारण नाही.

‘कंपनीला मत मांडता येते, मग मला का नाही’ हा युक्तिवाद झटकून टाकू नका, कारण त्यात विचार करण्याजोगे काहीतरी आहे. कंपनीचा फलक नेमके काय म्हणतो, ते पुन्हा एकदा वाचून पाहा. सर्वांशी समान वागावे एवढेच तो सांगत असेल, तर तो वागणुकीचा नियम आहे. त्या सहकाऱ्यांनी मनात काय मानावे, याविषयी तो काही सांगत नाही. त्यांनी लावलेले वचन मात्र समोर बसलेल्या एका विशिष्ट व्यक्तीच्या जगण्यावर निवाडा देते, आणि ती व्यक्ती तिथून उठून जाऊ शकत नाही. रस्त्यावर एखादे मत वाचून आपण पुढे जातो, कामाच्या जागेवर आठ तास त्याच्यासमोर बसावे लागते. उलट, कंपनीच्या एखाद्या फलकावर श्रद्धाळू लोकांना मागासलेले ठरवणारा शब्द असेल, तर तो फलकही उतरवला पाहिजे आणि तसे आपण वरिष्ठांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

युरोपीय संघाने २००० साली नोकरीतील समान वागणुकीविषयी जो निर्देश काढला, त्यात धर्म किंवा श्रद्धा आणि लैंगिक कल यांना एकाच यादीत संरक्षण दिले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानातील नववे कलमही लैंगिक कल, धर्म आणि सदसद्विवेक यांची नावे एकाच ओळीने घेते. त्याच युरोपीय निर्देशाने छळाची जी व्याख्या केली, तिच्यात एखाद्याच्या प्रतिष्ठेला धक्का लावण्याचा हेतू ‘किंवा’ तसा परिणाम, असे शब्द आहेत. ‘मला कोणाला दुखवायचे नव्हते’ असे आपले सहकारी म्हणाले, तर ते खरे माना. पण परिणामाचा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो, हे त्यांना शांतपणे समजावून सांगा.

आता बिल्ल्याविषयी. येथे माझे मत आपल्या वरिष्ठांच्या विरुद्ध आहे. समान वागणूक मिळणे हा त्या सहकारी बाईंचा हक्क आहे, पण समोरच्याने आपल्या छातीवर एखादे चिन्ह लावून आपल्याशी सहमती जाहीर करावी, असा हक्क कोणालाच नाही. उत्तर आयर्लंडमधील अ‍ॅशर्स बेकरीच्या प्रकरणात समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारा मजकूर केकवर लिहिण्यास मालकांनी नकार दिला होता. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की, त्यांचा आक्षेप त्या मजकुरावर होता, ग्राहकावर नव्हता, आणि मनापासून न पटणारे मत व्यक्त करण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. त्याच निकालातून हेही निघते की, ग्राहक समलिंगी आहे म्हणून साधा केक नाकारला असता, तर तो भेदभावच ठरला असता. माझ्या मते हीच कसोटी येथेही लागू पडते. ते सहकारी बिल्ला लावत नाहीत, पण त्या बाईंची फाइल वेळेवर पुढे पाठवतात, बैठकीत त्यांचे ऐकून घेतात आणि श्रेय देताना हात आखडत नाहीत, तर त्यांचे कर्तव्य पूर्ण झाले. बिल्ला कोण लावत नाही याची यादी कोणी ठेवत असेल, तर ती आजच बंद करा.

पोस्टबद्दल थोडक्यात. इंग्लंडमधील एका गृहनिर्माण संस्थेच्या कर्मचाऱ्याने २०११ मध्ये फेसबुकवर, स्वतःच्या वेळेत, धर्मस्थळात समलिंगी विवाह लावण्याविषयी संयत भाषेत नापसंती व्यक्त केली. संस्थेने त्याची पदावनती केली आणि पगारही बराच कमी केला. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने ही कारवाई कराराचा भंग असल्याचे ठरवले. आपल्या सहकाऱ्यांच्या पोस्टमध्ये कोणा सहकाऱ्याचे नाव नसेल, शिवीगाळ किंवा धमकी नसेल आणि ती कंपनीच्या नावाने लिहिलेली नसेल, तर ती उकरून काढणे अन्यायाचे होईल.

बोलणे कसे करावे, हेही सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी निर्णय बरोबर असतो आणि बिघडते ते बोलण्यात. त्या धर्मनिष्ठ सहकाऱ्यांना एकट्याने भेटा. कोणी काय सांगितले हे न उघडता, हा आपला स्वतःचा, विभागप्रमुख म्हणून घेतलेला निर्णय आहे असे सांगा. त्या बाईंनी आपल्यावर विश्वास ठेवून मन मोकळे केले, त्याची किंमत त्यांना मोजावी लागू नये. दोघांना समोरासमोर बसवून ‘चर्चा करून मिटवा’ असे कृपा करून म्हणू नका. आपण सन्मानास पात्र आहोत हे पटवून देण्याचे काम कोणावरही पडू नये. त्या बाईंची जागा बदलणे हा उपाय वाटत असेल, तर तोही मनातून काढा, कारण त्रास झाला त्यालाच उठवून दुसरीकडे बसवल्यासारखे ते होईल.

त्याच भेटीत सहकाऱ्यांना काय ठेवता येईल, हेही मनापासून सांगा. गळ्यातील धर्मचिन्ह, टेबलावरची छोटी प्रतिमा, स्वतःला बळ देणारे, कोणाचा निवाडा न करणारे वचन आणि प्रार्थनेसाठी मागितलेला वेळ या गोष्टींतून माणूस स्वतःविषयी सांगतो, त्या समोरच्याविषयी काही म्हणत नाहीत. ब्रिटिश एअरवेजच्या कर्मचारी नादिया इवैडा यांना गणवेशावर दिसेल असा छोटा क्रूस घालण्यास मनाई झाली होती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १५ जानेवारी २०१३ रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला, कारण कंपनीच्या प्रतिमेला गरजेपेक्षा अधिक वजन देण्यात आले होते आणि त्या क्रूसामुळे इतर कोणाच्या हिताला बाधा आल्याचे दिसत नव्हते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये, रविवारी काम करण्यास नकार देणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, धार्मिक सोय नाकारायची असेल तर कामावर खरोखरच मोठा भार पडतो हे मालकाने दाखवले पाहिजे आणि इतरांना तो धर्म आवडत नाही हे कारण चालणार नाही, असे स्पष्ट केले. तेव्हा कोणी ‘मला टेबलावरची ती प्रतिमाच नको’ म्हणून आपल्याकडे आले, तर त्यांनाही तितक्याच ठामपणे नाही म्हणायची तयारी ठेवा.

प्रश्न : मी एका समुपदेशन संस्थेत जोडप्यांचे समुपदेशन करते. संस्थेचे दार सर्वांसाठी खुले आहे आणि रुजू होताना मी त्या धोरणावर सही केली होती. तरीही समलिंगी जोडप्याला नाते टिकवण्यासाठी मदत करणे मला माझ्या धर्माच्या विरुद्ध वाटते. आजवर मी अशी जोडपी गुपचूप एका सहकाऱ्याकडे वळवली. आता ती सहकारी रजेवर आहे. कोणाचेही नुकसान न करता माझा सदसद्विवेक जपण्याचा मार्ग मला नाही का?

उत्तर : आपण हे लपवून ठेवता आले असते तरी लिहिले, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो.

आपल्यासारखीच दोन प्रकरणे वर उल्लेखिलेल्या, युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या २०१३ च्या निकालातच होती. गॅरी मॅकफार्लेन हे इंग्लंडमधील रिलेट या संस्थेचे समुपदेशक होते. समलिंगी जोडप्यांना लैंगिक समस्यांविषयी समुपदेशन करण्याची त्यांची तयारी नव्हती आणि त्यांची नोकरी गेली. न्यायालयाने एकमताने त्यांच्या विरोधात निकाल दिला. संस्थेचे धोरण माहीत असूनही ते त्या प्रशिक्षणात दाखल झाले होते, ही बाब न्यायालयाने महत्त्वाची मानली. दुसरे प्रकरण लंडनमधील इझलिंग्टनच्या नोंदणी अधिकारी लिलियन लाडेल यांचे. त्या नोकरीला लागल्या तेव्हा समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाची नोंदणी होत नव्हती. २००५ च्या अखेरीस ती सुरू झाल्यावर त्या आपल्या पाळ्या सहकाऱ्यांशी बदलून घेऊ लागल्या. काही काळ ते निभावले, पण पुढे दोन समलिंगी सहकाऱ्यांनी तक्रार केली. ज्या कार्यालयात आपण काम करतो, तिथेच आपल्यासारख्यांची नोंदणी टाळली जाते, हे त्यांना लागले होते. या प्रकरणात न्यायाधीशांची मते पाच विरुद्ध दोन अशी विभागली. लाडेल यांच्या बाजूने मत देणाऱ्या दोन न्यायाधीशांना सदसद्विवेकाचा आवाज इतका सहज बाजूला सारता येणार नाही असे वाटले. कामाचे स्वरूप नोकरी लागल्यानंतर बदलले असेल, तर माणसाला अधिक सांभाळून घेतले पाहिजे, असे मलाही वाटते. आपल्या बाबतीत मात्र तसे घडलेले नाही. आपण धोरण वाचून सही केली होती.

दक्षिण आफ्रिकेने दुसरा मार्ग करून पाहिला. तेथील २००६ च्या कायद्याने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क दिला, पण सहाव्या कलमाने सरकारी विवाह अधिकाऱ्यांना सदसद्विवेकाच्या कारणावरून नकार देण्याची मुभाही ठेवली. कागदावर दोन्ही बाजू सांभाळल्या गेल्या होत्या. प्रत्यक्षात जोडपे कार्यालयात पोहोचे आणि नोंदणी करणारा अधिकारीच उपलब्ध नाही, असे त्याला कळे. २०२० मध्ये ते कलम रद्द करण्यात आले. आपली सहकारी रजेवर गेल्यावर आपल्या संस्थेत नेमके हेच झाले आहे. मधली व्यवस्था दुसऱ्या कोणीतरी उपस्थित असण्यावर उभी असते आणि ती व्यक्ती नसेल त्या दिवशी सगळा भार दारात उभ्या असलेल्या जोडप्यावर पडतो.

म्हणून गुपचूप वळवणे थांबवा आणि आपल्या प्रमुखांशी उघडपणे बोला. पुरेसे समुपदेशक असतील, जोडप्याला नकाराची चाहूलही लागणार नसेल आणि सहकाऱ्यांवर जास्तीचे काम पडणार नसेल, तर कामाची वाटणी वेगळी करता येईल का, असे विचारण्यात गैर काही नाही. मुलांचे समुपदेशन किंवा प्रशिक्षणाचे काम मागता येईल. पण ही विनंती आहे, हक्क नाही, आणि उत्तर ‘नाही’ आले तर तो आपल्या धर्मावर केलेला आघात मानू नका. संस्थेने आपल्या दाराशी येणाऱ्यांना दिलेले वचन पाळायचे ठरवले, एवढाच त्याचा अर्थ आहे.

याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. समोरचे नाते मुळातच तुटावे, असे मनात धरून ते टिकवण्याचे समुपदेशन करता येत नाही. कितीही कसलेला समुपदेशक असला, तरी ते त्याच्या प्रश्नांतून, गप्प राहण्यातून उमटते. त्यामुळे मन तयार नसताना केवळ नियम म्हणून अशा जोडप्यासमोर बसण्यापेक्षा भूमिका बदलून घेणे प्रामाणिकपणाचे ठरेल. आणि त्या जोडप्याला ‘बदलण्याचा’ सल्ला देण्याचा विचार कधी मनात आला, तर एवढे आठवा की जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जो आजारच नाही, त्यावर उपचार करण्याचा अधिकार समुपदेशकाला मिळत नाही, मग त्याची श्रद्धा कितीही खोल असो.

प्रश्न : मी समलिंगी आहे आणि कार्यालयात ते लपवत नाही. माझ्या वरिष्ठ बाई मायाळू आहेत, पण महिन्यातून दोनतीनदा तरी मला बाजूला घेऊन सांगतात, ‘तुम्ही या मार्गातून बाहेर पडावे म्हणून मी रोज प्रार्थना करते.’ मी स्वतः धार्मिक आहे, उपासना करतो, म्हणून त्यांच्या प्रार्थनेची थट्टा मला करवत नाही. तक्रार केली तर कृतघ्न ठरेन अशी भीती वाटते. सहकाऱ्यांना मात्र वाटते की, मी समलिंगी आहे म्हणजे धर्माच्या विरोधातच असणार.

उत्तर : आपले पत्र वाचून मी बराच वेळ थांबलो. श्रद्धाळू माणसे एका बाजूला आणि समलिंगी माणसे दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी करणाऱ्यांना आपण दिसतच नाही. धर्मस्वातंत्र्य आणि समान वागणूक हे दोन्ही हक्क आपले स्वतःचे आहेत आणि त्यांपैकी एक निवडा असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

वरिष्ठ बाईंनी मनात काय प्रार्थना करावी, हे आपण, मी किंवा कोणतीही कंपनी ठरवू शकत नाही. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अठराव्या कलमात श्रद्धा बाळगण्यावर कोणतीही मर्यादा नाही. मर्यादा येऊ शकते ती श्रद्धा प्रकट करण्यावर, आणि त्याचे एक कारण ‘इतरांचे मूलभूत हक्क व स्वातंत्र्ये’ असे तिथेच दिले आहे. भारतीय संविधानाचे २५ वे कलमही धर्माचरणाचे स्वातंत्र्य इतर मूलभूत हक्कांच्या अधीन राहून देते. बाईंची प्रार्थना पूर्णपणे त्यांची आहे, पण बाजूला घेऊन आपल्याला ते ऐकवणे ही कृती आहे आणि ती आपल्यावर होते. शिवाय आपल्या कामाचे मूल्यमापन त्यांच्या हाती आहे. बरोबरीच्या सहकाऱ्याला आपण ‘पुरे’ म्हणू शकता. वरिष्ठांना ते म्हणणे कठीण जाते, आणि मायेने बोलणाऱ्या वरिष्ठांना तर आणखी कठीण.

एक अपवाद मात्र नमूद करतो. २०१४ मध्ये इंग्लंडमधील एका पाळणाघरातील ख्रिस्ती कर्मचारी महिलेला काढून टाकण्यात आले, कारण समलैंगिकतेविषयीची आपली श्रद्धा तिने समलिंगी सहकारी महिलेला सांगितली होती. तो विषय त्या सहकारी महिलेनेच काढला होता, असे दिसून आल्यावर न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये कर्मचारी महिलेच्या बाजूने निर्णय दिला. ‘तुमच्या मते माझे चुकते का?’ असे आपण कधी बाईंना विचारले असेल आणि त्यांनी प्रामाणिक उत्तर दिले असेल, तर ते एक उत्तर छळात मोजू नका. न विचारता पुन्हा पुन्हा ऐकवणे ही निराळी गोष्ट आहे.

पहिले पाऊल म्हणून त्यांना एकदा, शक्य असल्यास लिहून, असे काही सांगा : ‘आपला सद्भाव मला कळतो. मीही प्रार्थना करणारा माणूस आहे. पण मी बदलावे म्हणून आपण प्रार्थना करता, हे कृपया मला पुन्हा सांगू नका. त्याने मला त्रास होतो आणि कामावर लक्ष राहत नाही.’ यात कृतघ्नता कुठेच नाही. मायाळू माणसाला आपल्यामुळे कोणाला त्रास होतो हे कळले, तर बहुतेक वेळा तो थांबतो, आणि तशी संधी त्यांना देणे हा त्यांचाही सन्मान आहे. त्यानंतरही बोलणे चालू राहिले, तर तारीख आणि शब्द टिपून ठेवा आणि एचआरकडे जा. तिथे त्यांच्या धर्माविषयी काही बोलण्याची गरज नाही. ‘थांबा म्हटल्यावरही त्या थांबल्या नाहीत’ एवढे सांगणे पुरेसे आहे. पुढच्या मूल्यमापनात अनपेक्षित घसरण दिसली, तर ती नोंदही त्याच कागदात जोडा.

आपण धार्मिक आहात हे सहकाऱ्यांना सांगावे का, हे मी ठरवणार नाही. पण उपासनेसाठी रजा किंवा वेळ लागत असेल, तर ती इतर कोणाही श्रद्धाळू कर्मचाऱ्याप्रमाणे, कारण स्पष्ट लिहून मागा. आजवर आपण ती संकोचाने ‘वैयक्तिक कामासाठी’ म्हणून मागितली असेल, असे पत्रावरून वाटते.